डेकखाली

विल्किन बोट घेऊन परतला तेव्हा बोटमालक थोरल्या एलिहिओने सगळं मोजलं. मासळीचे चार क्रेट, दोन जाळी, आणि टाकीत साठ लिटर डिझेल कमी.

"कुणाला विकलंस?"

"एक थेंबही नाही, दादा."

"मग काय माशांनी प्यायलं? चल, उतर बोटीवरून."

नंतर विल्किनला कुणीच बोटीवर घेतलं नाही. चोरट्या होडीतून पोर्तो रिकोला जाताना तो बुडाला.

"तो गेल्यापासून डिझेल कधी कमी भरलं नाही," एलिहिओ सगळ्यांना सांगायचा.

तीन वर्षांनी टाकी बदलायला त्याने फायबरचा डेक कापला. टाकीच्या बाजूला गंजून भोकं पडली होती, आणि तिच्याभोवतीचा बंद कप्पा त्या भोकांपर्यंत भरलेला होता. त्याने तो मापाने उपसला.

एकोणसाठ लिटर डिझेल निघालं.