टाळूचा वास

हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर आनंदराव सासन्यांनी मटण सोडायचं इंजेक्शन घेतलं. आठव्या दिवशी शेजारच्या पांढऱ्या रश्श्याच्या वासानं त्यांना मळमळलं आणि फणसाच्या रश्श्याबरोबर त्यांनी तीन भाकऱ्या आवडीनं खाल्ल्या. अख्खं कोल्हापूर तेव्हा रांगा लावून ते इंजेक्शन घेत होतं.

पुढच्याच आठवड्यात त्यांची मुलगी रेणुका बाळाला घेऊन दवाखान्यातून माहेरी आली. पहिलाच नातू. आनंदरावांनी हात धुऊन त्याला अलगद उचललं आणि त्याच्या टाळूशी नाक नेलं. बाळाला कसंबसं रेणुकाच्या हाती देऊन ते मोरीकडे धावले आणि भडाभडा ओकले.

"बाबा, काय झालं?"

"त्याला मटणाचा वास येतोय गं."

"काहीतरीच! आत्ताच अंघोळ घातलीय त्याला."

"त्याचा एकट्याचा नाही. तुझाही येतोय. चार दिवस झाले, तुझ्या आईजवळ बसवत नाही मला. वाटलं, अशक्तपणा असेल." त्यांनी डोळे पुसले. "आपणसुद्धा मांसाचेच की."

रेणुका बाळाला घट्ट धरून दोन पावलं मागे सरली.

"बाबा, दवाखान्यात सगळ्याच बाळंतिणींना दिलं ते इंजेक्शन. मलाही."

"कधी?"

"सोमवारी. आज सहावा दिवस."

बाळ भुकेनं रडू लागलं. रेणुकानं त्याला पदराखाली घेतलं. तोंड मात्र तिनं नकळत खिडकीकडे वळवलं होतं.