बाटलीतला थेंब

प्रयोगशाळेत उंदराच्या मेंदूतल्या डोपामाइन बनवणाऱ्या पेशीचे विजेचे ठोके स्पीकरवर टकटक वाजत होते. या पेशी मेल्या की माणसाला कंपवात होतो. मी तिच्यावर डोपामाइनचाच थेंब सोडला. ती गप्प झाली. मिठाच्या पाण्याने धुतल्यावर पुन्हा वाजू लागली.

मग गावाहून आणलेल्या बाटलीतला थेंब सोडला. माझे आबा द्राक्षांवर हेच कीड मारायचं औषध फवारतात, तेही बादलीत उघड्या हाताने ढवळून.

पेशी थांबली. धुतलं, परत धुतलं. स्पीकर गप्पच.

घाबरून मी फोन लावला. “आबा, त्या औषधात हात घालू नका!”

“वीस वर्षं घालतोय, काय झालंय मला?” आबा हसले. “थांब, चहा घेतो.”

आणि फोनमधून ऐकू आलं. त्यांच्या हातातला कप बशीवर टकटक वाजत होता. थांबत नव्हता.