उणे काढू नये

"बरोबर," बाबा म्हणाले आणि त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"डोंबलाचं बरोबर!" मंजूषा खेकसली. "स्क्रीनवरची रेघ बघा, पार आभाळात गेलीय. कारखान्यातलं टर्बाइन असं पळालं असतं तर अख्खं आनंद नगर उडालं असतं!"

बाहेर ट्रक भरत होता. समीरचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, आरडाओरडा चालू होता, "भैया, फ्रिज सँभालके!" दुपारी नव्या मालकाला किल्ली द्यायची आणि बाबांना घेऊन पुण्याला निघायचं. तिचे बाबा, नीळकंठराव, चाळीस वर्षं या घरात राहिलेले. विकायला तयार होतात की नाही, याची तिला धास्तीच होती. पण रजिस्ट्रारने विचारलं तेव्हा तीनदा ठणकावून "हो" म्हणाले. तिचा जीव भांड्यात पडला.

अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांच्याजवळ चारच शब्द उरले होते: हो, नाही, बरोबर, चूक. "समजतं सगळं त्यांना," डॉक्टर म्हणाले होते. समजत असेल हो, पण हट्टीपणा किती! सकाळी पोह्यांना "नाही, नाही" म्हणाले आणि बशी चाटूनपुसून साफ केली. वैताग नुसता.

त्यात ही जुन्या कागदांची फाइल. पंचाहत्तर साली कारखान्यात एक ॲनालॉग कॉम्प्युटर होता. भिंतभर पेट्या, तारांचं जंजाळ. विजेच्या दाबावर टर्बाइनची गणितं सोडवायचा. तो मोडीत निघाला तेव्हा नव्या डिजिटल मशीनवर त्याची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्रॅम बाबांनी लिहिला. ती फाइल काही ते पॅक करू देईनात. शेवटी मंजूषाने कबूल केलं, निघण्याआधी तो प्रोग्रॅम लॅपटॉपवर चालवून दाखवते. पुण्यात वीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढलेली बाई ती! पण चार दिवस झाले, तिची रेघ बाबांच्या मांडीवरच्या जुन्या आलेखाशी जुळायचं नाव घेईना.

तिने चिडून पिवळे कागद पुन्हा उलटले. प्रत्येक पेटीपुढे उणे चिन्ह होतं. टायपिंगची चूक समजून ती सगळी तिने पहिल्याच दिवशी उडवली होती. आता समासात बाबांचं बारीक अक्षर दिसलं: "उणे काढू नये. मूळ यंत्रातली प्रत्येक पेटी उलटंच सांगायची. ऐकणाऱ्याने ओळखून घ्यावं."

"अहो, मग हे जरा ठळक लिहायचं ना, बाबा!"

तिने उणे परत घातले. रेघ चढली, थोडी थरथरली, सपाट झाली. जुन्या आलेखाशी तंतोतंत.

बाबांचा चेहरा उजळला. धड असलेल्या हाताने त्यांनी तिची पाठ थोपटली. "चूक!" ते हसत म्हणाले. "चूक! चूक!"

मंजूषाने समासातली ती ओळ पुन्हा एकदा वाचली.

"मंजू, आटप! बाबांची खुर्ची तेवढी राहिलीय," समीर दारातून ओरडला.

ती बाबांपुढे गुडघ्यांवर बसली. "बाबा, तुम्हाला इथंच राहायचं होतं?"

त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी तिचा हात घट्ट धरला.

"नाही," ते म्हणाले. "नाही, नाही, नाही."