उपाशी किडे कुठे गेले?

कुंडीतलं दुसरं, ताईचं रोपही स्वच्छ निघालं, तेव्हा धाकटीने ते पुन्हा एकदा बादलीत खळबळून पाहिलं. मुळं पांढरीशुभ्र. एकही गाठ नाही.

"औषध टाकलंस ना?" ताईने विचारलं.

"शपथेवर सांगते, नाही."

काचघरात दोघी बहिणीच होत्या. धाकटी संशोधक, ताई टोमॅटो पिकवणारी. सूत्रकृमी म्हणजे डोळ्यांना न दिसणारे मातीतले किडे. ते ताईच्या रोपांच्या मुळांत शिरत, मुळांना गाठी येत आणि ऐन बहरात रोपं माना टाकत. यंदाही तेच झालं तर टोमॅटोचं नाव काढायचं नाही, असं तिने ठरवलं होतं.

धाकटीने टोमॅटोत एक नवा जनुक घातला होता. त्यामुळे मुळात एक प्रथिन तयार होई. मूळ खाल्लं की किडा मेलाच, असं ती छातीठोकपणे सांगायची. ताईला ते पटत नसे. "किड्याला मारतं ते मी नातीच्या ताटात वाढू? आणि तुझं झाड सोडून ते उपाशी किडे शेजारच्या झाडावर तुटून पडले म्हणजे?" यावरून दोघींचं चांगलंच वाजलं, बोलणंही बंद पडलं. शेवटी ताईच आपली माती आणि आपली साधी रोपं घेऊन आली. म्हणाली, एकाच कुंडीत तुझं आणि माझं शेजारी लाव. बघू उपाशी किडे कुठे जातात.

ते कुठेच गेले नव्हते.

"मातीतच मेले असतील," ताई म्हणाली.

धाकटीने त्याच मातीची दुसरी कुंडी उपसली. तिच्यात फक्त ताईची रोपं होती. मुळांना गाठीच गाठी. म्हणजे या मातीत किडे जिवंत होते.

मग तिने पहिल्या कुंडीतली माती पाण्यात भिजवली, ते पाणी काचेच्या बशीत घेतलं, त्यात ताईच्या रोपाच्या मुळाचं टोक सोडलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. किडे ठणठणीत होते. एक वळवळत मुळाच्या अगदी जवळ आला, थबकला आणि भलतीकडेच वळला. पुन्हा आला. पुन्हा चुकला.

"बघ," म्हणून ती बाजूला झाली.

ताई बराच वेळ वाकून होती. "आंधळा झालाय का हा?"

"यांना डोळे नसतातच. मुळाचा माग वासावरून काढतात. तो वासच यांना लागत नसावा. माझं प्रथिन त्यांना तो घेऊ देत नसेल आणि मुळातून मातीतही झिरपत असेल, म्हणून तुझंही रोप वाचलं."

"म्हणजे मरत नाहीत?"

"एकही मेलेला दिसत नाही."

"तू तर मारतं म्हणत होतीस."

धाकटीने पुन्हा बशीत पाहिलं. किडा अजून फिरत होता.

"माझा अंदाज चुकला," ती म्हणाली. "नक्की काय होतंय, ते मलाही अजून माहीत नाही."

तिचं बोलणं आजवर कधी पुरतं ऐकून न घेतलेल्या ताईने स्टूल पुढे ओढलं.

"आता सांग सगळं पहिल्यापासून," ती म्हणाली. "आता ऐकते."