सहीचं पेन

स्वतःच्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षांच्या विधेयकाविरुद्ध मत दिल्यापासून फोन वाजला, की खासदार वेंडल उचलण्याआधी नंबर बघायचा. शेवटी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातून फोन आला, तो त्याच विधेयकावरच्या सहीच्या समारंभाचं आमंत्रण द्यायला!

"विरोध करूनही बोलावलं?" त्याची बायको मार्लिस म्हणाली. "जपून रे बाबा."

समारंभात राष्ट्राध्यक्षांनी प्रथेप्रमाणे सहीचं एकेक अक्षर वेगळ्या पेनानं काढलं आणि ती पेनं पक्षाच्या खासदारांना वाटली. वेंडलसमोर येऊन त्यांनी एक पेन पुढे केलं.

"घे. घरी जपून ठेव," ते हसून म्हणाले. "इथली आठवण."

बाहेर येताच त्यानं मार्लिसला फोन लावला. "माफ केलं गं त्यांनी! पेनसुद्धा दिलं!"

"टीव्हीवर पाहिलं मी. पण आपल्या मतदारसंघातला पोलीसप्रमुख, तो शेरीफ कोल्बी, तुझ्या मागे काय करत होता?"

वेंडल गर्रकन वळला. शेरीफ कोल्बी रिकाम्या हातांनी पायऱ्या उतरत होता.

"तू इथे कसा?"

"साहेबांनीच बोलावलं," कोल्बी त्याच्या हातातल्या पेनाकडे बघत म्हणाला. "म्हणाले, या वेळी नुसतं बघून जा. तुझं पेन निवडणुकीनंतर."