हुंगलेली फुलं

आटपाडीच्या नर्सरीत रंगनाथ खरात अंगणासाठी रोपं बघत होते. बायकोचं, इंदूचं, वर्षश्राद्ध दोन दिवसांवर आलं होतं. तिच्या फोटोला दारचं फूल हवं होतं, आणि झाडांना पाणी घालायला बंदी होऊन सहा वर्षं झाली होती.

"शेवंती, अबोली, मोगरा, सगळं बिनपाण्याचं आहे, काका," नर्सरीवाली वैजू म्हणाली. "सकाळ-संध्याकाळ जवळ बसून श्वास सोडायचा, त्यावर जगतात. न्या की तोंड जवळ!"

रंगनाथ मोगऱ्यावर वाकले. कळी वळली, ओठाला चिकटली आणि फुलली. गोगलगाय लागावी तसं ओलं लागलं. त्यांनी बाहीनं तोंड खसाखसा पुसलं.

"अगं, हुंगलेलं फूल देवाला वाहत नाहीत, गेलेल्या माणसालाही नाही. बायकोच्या फोटोला घालायचंय, न हुंगलेलं दे."

"तसं आता कुठं मिळतंय? आमची रोपं तर दवाखान्यात, आजाऱ्यांच्या उशाशी वाढवलेली. धाप लागलेला माणूस असला की आठवड्यात कळ्या धरतात."

गेल्या वर्षी दवाखान्यात इंदूच्या उशाशीही अशाच तीन कुंड्या होत्या. तिला बरं वाटावं म्हणून ठेवल्यात, असं रंगनाथांना वाटलं होतं. कळ्या तिच्या तोंडाकडे वळायच्या, तेव्हा ते कौतुकानं म्हणायचे, "बघ, तुला ओळखतात." शेवटच्या दिवशी तिन्ही गच्च फुलल्या होत्या.

ते मोगऱ्यापासून दोन पावलं मागं सरले.

"कुठलं देऊ, काका?"

"कुठलंच नको. अंगणात मुरूम टाकतो."

"अन् काकूंच्या फोटोला?"

"तिचा जीव पिऊन फुललेलं तिलाच घालू होय?"