दळायला येणारी डॉक्टरीण

बासष्ट सालची गोष्ट. दिवाळसणाला माहेरी रोहिणखेडला आलेली पंचफुला एकाएकी बोलेनाशी झाली. बुलडाण्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीणबाई दर आठवड्याला एस.टी.नं तिला बघायला येऊ लागली, तेव्हा पंचफुलाची आई जनकाबाई सावध झाली. ही बाई गोळी देईना, सुई टोचेना. नुसती पोरीसमोर जात्याशी बसायची आणि खुंटा धरून दळू लागायची.

"हे कायची डाक्टर? पोरीले पागलखान्यात न्यायचा बेत असन हिचा," जनकाबाई नवऱ्याला म्हणाली आणि दाराआडून नजर ठेवू लागली.

एकदा दळता दळता डॉक्टरीणबाईंनी चुकतमाकत एक ओवी म्हटली. "तुला येते का गं एखादी?"

जातं फिरत राहिलं. मग कितीतरी वेळानं पंचफुलाचा घोगरा आवाज निघाला :

"दळण सरेना माय, वाटे विहीर ती बरी
धाडू नको मले माय, फिरून त्या घरी"

डॉक्टरीणबाईंनी हात थांबवला नाही. दाराआड जनकाबाईनं पोरीची सासरी न्यायची बांधून ठेवलेली पेटी उचलून परत आत नेली.

पुढच्या सोमवारी पंचफुलाचे सासरे पुंजाजी गाडी जुंपून तिला न्यायला आले. "झाली का तयारी सूनबाईची?" त्यांनी हसत विचारलं.

जनकाबाई उंबरठ्यातून हलली नाही.

"पोरगी येत नाही. पहिले सांगा, काय केलं तुमी तिले?"